चॅम्फर बिट कोणतं घ्यावं? कोल्हापुरातल्या आमच्या शेडवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळात आमची पत्र्याची शेड आहे. चारी बाजूंना लोखंडकाम, फाउंड्र्या, लेथ, ड्रिल, आणि मधेच आमचा भुसा. वडील टर्नर होते, मी लाकडाकडे वळलो. शेजारी अजून म्हणतात, "ह्यो एकटाच सुतार निघाला." नवा ट्रिमर, म्हणजे बिट फिरवून लाकडाच्या कडा कापणारा छोटा राउटर, घेतलेली मंडळी येतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "दादा, किती डिग्रीचं बिट घेऊ?" खरं तर डिग्री सगळ्यात शेवटी बघायची. आधी दांडा (बिटाचा मशीनमध्ये धरायचा भाग), मग बेअरिंग (कडेवर टेकून पळणारं टोकाचं चाक), मग लाकूड, आणि त्यानंतर कोन. खालची उत्तरंही त्याच विचाराने दिली आहेत.

चॅम्फर म्हणजे नक्की काय? गोलाई मारण्यापेक्षा तो वेगळा कसा?

उद्यमनगरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. ड्रॉइंगवर कोपऱ्यात "१ × ४५°" लिहिलेलं असतं आणि पोरगं न विचारता चॅम्फर मारतं. लाकडातही तेच. काटकोनी कडेचा टोकदार भाग तिरका कापून तिथं एक सपाट पट्टी तयार करायची. जुने सुतार हेच काम रंध्याने करायचे, "कड मोडून घे" म्हणायचे. राउंडओव्हर बिट कड गोल करतं, तर चॅम्फरने दोन सरळ रेघा उठून दिसतात आणि मधल्या पट्टीवर उजेड वेगळा पडतो.

शोभा बाजूला ठेवली तरी कड मोडावीच लागते. टोकदार कडेवर पॉलिश टिकत नाही. तिथं थर पातळ बसतो आणि पहिल्यांदा तिथलाच उडतो. शिवाय तशी कड जरा धक्का लागला की टवका सोडते.

पहिलंच बिट घेतोय. एकच घ्यायचं असेल तर?

४५ अंशांचं, कार्बाइड टिपचं, दोन पात्यांचं, टोकाला बेअरिंग असलेलं. चॅम्फर जास्तीत जास्त ८ ते १० मिमी निघेल एवढं. दांडा तुमच्या मशीनच्या कॉलेटच्या, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीच्या, मापाचाच. पाट, चौरंग, देव्हारा, शेल्फ, टेबल, खिडकीची चौकट, घरातलं बहुतेक काम यावर निघतं. उरलेले कोन काम समोर आल्यावर घ्या.

दांडा ६ मिमी आणि पाव इंच, एवढ्याशा फरकानं काय बिघडतं?

माझं एक काम बिघडलं, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. फरक पाऊण मिमीच्याही निम्म्याहून कमी, डोळ्याला दिसत नाही. एका देव्हाऱ्याची सागवानी चौकट होती. घाईत ६ मिमी दांड्याचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये घातलं, नट दाबून आवळला, हाताने ओढून बघितलं तर हललं नाही. सुरुवातीला झकास चाललं. चौकटीचा पहिला कोपरा ३ मिमीचा चॅम्फर, सुरेख. पुढे आवाज बदलला, पण मी राउटर थांबवला नाही. शेवटच्या कोपऱ्यावर मोजलं तर साडेपाच मिमी! बिट फिरता फिरता कॉलेटमधून थोडं थोडं खाली सरकत होतं आणि चॅम्फर आपोआप मोठा होत होता. वडिलांनी व्हर्नियर लावला, दांडा बघितला, त्यावर घासल्याचे चमकते पट्टे पडले होते. एवढंच म्हणाले, "लेथवर ढिल्या चकमध्ये जॉब धरशील का?" मी गप्प.

नंतर सगळीकडे ६ मिमीचा चॅम्फर मारून चौकट वाचवली. गिऱ्हाइकाला ती डिझाइन वाटली आणि आवडलीही. पण ते बिट आणखी सुटलं असतं तर कुठं गेलं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तर नियम असा. ट्रिमरसोबत आलेल्या कॉलेटवर आकडा कोरलेला असतो, तो वाचून दुकानात जा. जमलं तर कॉलेटच खिशात टाकून न्या. मोठ्या राउटरला हाच घोटाळा १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, यांच्यात होतो. दांड्याला कागद, टेप किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळून जागा भरू नका. पाव इंची दांडा ६ मिमीच्या कॉलेटमध्ये ठोकून बसवायचा प्रयत्नही नको. योग्य मापाचं वेगळं कॉलेट मिळतं, तेच घ्या.

दांडा आत किती घालायचा हेही इथंच सांगतो. निदान २० मिमी आत हवा. पूर्ण तळाला टेकवायचा नाही, टेकवून दोन-तीन मिमी वर ओढून मग आवळायचा. तळाला टेकलेलं बिट नट आवळताना नीट धरलं जात नाही.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे?

चार आकडे बघा: दांड्याची जाडी, पात्याचा बाहेरचा व्यास, पात्याची उंची आणि कोन. बेअरिंगचा व्यास बहुधा लिहिलेला नसतो, तो व्हर्नियरने मोजा. कारण खरा हिशोब त्यातच आहे. मोठ्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करा आणि निम्मं करा. तेवढाच रुंद चॅम्फर ते बिट काढू शकतं. बाहेरचा व्यास ३१.७५ मिमी आणि बेअरिंग १२.७ मिमी असेल तर सुमारे साडेनऊ मिमी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. ४५ अंशांत ३ मिमी खोल चॅम्फर मारला तर तिरकी पट्टी ३ मिमीची दिसत नाही, सव्वाचार मिमीची दिसते. ५ मिमीचा मारला तर सात. म्हणून मनात जेवढी पट्टी रुंद दिसायला हवी असेल, त्याला १.४ ने भागून खोली ठेवा.

मोठ्या व्यासाचं बिट ट्रिमरच्या बेसमधल्या भोकातून जातं का, हे घरून मोजून निघा. बिट घेऊन परत आलेले दोघे-तिघे मी पाहिलेत.

४५ सोडून बाकीचे कोन कुठं लागतात?

दोन ठिकाणी. एक शोभेसाठी, दुसरं जोडासाठी.

शोभेचं आधी. टेबलाचा टॉप २५ मिमी जाड आहे पण तो पातळ आणि हलका दिसायला हवा, तर वरची कड जवळजवळ तशीच ठेवून खालून लांब, निमुळता उतार द्यायचा. इथं ४५ अंश फार आखूड पडतात, ३० किंवा त्याहून लांबट उतार देणारं बिट लागतं. पाटाचंही तसंच. जेवणाचा पाट जमिनीवरून उचलताना बोटं खाली शिरली पाहिजेत. आम्ही पाटाच्या खालच्या कडेला मोठा तिरका उतार देतो आणि वरच्या कडेला फक्त दीड मिमीचा चॅम्फर. वरचा मोठा केला की मांडी घालून बसणाऱ्याला तो पाट लहान वाटतो. का ते मला नीट सांगता येणार नाही, पण आमच्या आईचं मत तसं आहे आणि तिच्यापुढे अपील नाही.

आता जोड. फळ्या तिरक्या कापून एकमेकींना चिकटवून बहुकोनी वस्तू करायची असेल तर १८० ला बाजूंच्या संख्येने भागा, प्रत्येक कडेचा कोन मिळाला. चौकोनी पेटीला ४५, षटकोनी कुंडीला ३०, अष्टकोनीला २२.५, बारा बाजूंना १५, सोळा बाजूंना ११.२५. बिटांचे हे विचित्र अपूर्णांकी कोन बाजारात दिसतात ते त्यामुळेच. एकाला अष्टकोनी कंदील करायचा होता, त्याला २२.५ चं बिट घ्यायला लावलं आणि आठही फळ्या एका बैठकीत मिळाल्या.

मात्र जोडासाठी पूर्ण जाडी कापावी लागते. १८ मिमीची फळी असेल तर पात्याची उंची १८ पेक्षा जास्त हवी. शिवाय संपूर्ण कड कापली गेली की बेअरिंगला टेकायला काही उरत नाही. असं काम राउटर टेबलावर (खालून राउटर उलटा बसवलेलं टेबल), फेन्स म्हणजे सरळ आडपट्टी लावूनच करा. हातात धरून नको.

आणि एक सापळा. कोन कुठून मोजला हे सगळे सारखं लिहित नाहीत. कुणी दांड्याच्या रेषेपासून मोजतो, कुणी फळीच्या पृष्ठभागापासून. त्यामुळे एकाचं ३० दुसऱ्याचं ६० होऊ शकतं. ४५ ला हा घोळ नाही, बाकीच्यांना आहे. पाकिटावरचं चित्र बघा, नसेल तर बिटावर कागद धरून पेन्सिलने कोन उतरवा आणि कोनमापकाने मोजा. फळीच्या तुकड्यावर एक कट मारून बघितलात तर उत्तमच.

बेअरिंगचं घ्यावं की बिनबेअरिंगचं?

कडेचं काम असेल तर बेअरिंगचं. ते कडेवर टेकून पळतं, त्यामुळे सरळ कड असो की गोल, चॅम्फर सारखा राहतो. पण बेअरिंग आंधळं असतं. कडेत खड्डा असेल तर तेही खड्ड्यात जातं आणि चॅम्फरवर तो खड्डा जसाच्या तसा उमटतो. म्हणून आधी कड रंध्याने किंवा पॉलिशपेपरने सरळ करा, मगच चॅम्फर.

बिनबेअरिंगचं म्हणजे व्ही-ग्रूव्ह बिट. ते फळीच्या मधोमध रेघा कोरायला, नावं खोदायला. गाइड लावून त्यानेही कडेला चॅम्फर निघतो. फक्त त्याचा कोन दोन्ही बाजू मिळून लिहितात, म्हणजे ९० चं व्ही-बिट ४५ चा चॅम्फर देतं. ४५ लिहिलेलं व्ही-बिट घेऊन ४५ च्या चॅम्फरची वाट बघत बसू नका.

प्लाय, एमडीएफ, सनमायकाला तेच बिट चालेल का?

बिट तेच, पण कार्बाइड टिपच. प्लायमधला आणि एमडीएफमधला डिंक साध्या हायस्पीड स्टीलची धार बघता बघता खातो.

प्लायच्या कडेला थरांमध्ये पोकळ्या असतात. बेअरिंग नेमकं पोकळीवर आलं की आत दबतं. आधी पुट्टी भरा, सुकू द्या. आणि १२ मिमीच्या प्लायला दोन्ही बाजूंनी ६-६ मिमीचा चॅम्फर मारायला जाऊ नका. दुसऱ्या बाजूला वळलात की बेअरिंगला टेकायला जागाच नसते, आणि कड सुरीसारखी होते. मधे निदान २-३ मिमी सपाट पट्टी ठेवा.

सनमायकाचा मधला थर तपकिरी कागदाचा असतो. १ मिमीच्या सनमायकाला ४५ अंशात कापलं की जवळजवळ दीड मिमीची तपकिरी रेघ दिसते. पांढऱ्या शटरवर ती डोळ्यात खुपते. अशा ठिकाणी उभट कोनाचं बेव्हल ट्रिम बिट वापरा, रेघ बारीक होते. बेअरिंग घासून डाग पडू नये म्हणून कडेला व्हॅसलीनचा हात फिरवा.

एमडीएफवर काम करताना मास्क लावा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

लाकूड बदललं की काय बदलतं?

सागवान कापायला गोड, पण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूसारखा कठीण अंश. म्हणून मऊ वाटूनही तो धार लवकर घालवतो. शिसम आणि बाभूळ कठीण, तिथं एकदम न कापता थोडं थोडं घ्या. फणसाचं लाकूड चांगलं वागतं, आंब्याचे रेषे मात्र कुठे कसे वळतील सांगता येत नाही, टवके उडतात. पाइन मऊ. त्याला धारदार बिट नसेल तर कड कापण्याऐवजी पिंजली जाते.

झोपाळ्याच्या फळीला चॅम्फर करू का, असं विचारतात. करा, पण मांडीखाली येणाऱ्या कडेला नको, तिथं गोलाईच हवी. चॅम्फरला शेवटी दोन कोपरे असतात आणि अर्ध्या तासाने ते जाणवतात.

स्पीड किती ठेवायचा?

बिटाचा व्यास बघून. २५ मिमीपर्यंतच्या बिटाला २२ ते २४ हजार फेरे ठीक. ५० मिमीच्या आसपास गेलात तर १६ ते १८ हजारांवर आणा. छोट्या ट्रिमरला बहुतेक वेळा स्पीड कमी करायची सोयच नसते, तो ३० हजारांच्या आसपास पळतो. त्यात ३० मिमीचं बिट लावलंत तर पात्याचं टोक सेकंदाला ४७ मीटर जातं, म्हणजे ताशी १७० किलोमीटर. पुणे-बंगळूर हायवेवरसुद्धा ही गाडी पकडली जाईल. म्हणून ट्रिमरला लहान बिट, आणि मोठं बिट मोठ्या राउटरला, शक्यतो टेबलावर. बिटावर कमाल फेरे लिहिलेले असतील तर त्यापुढे जायचं नाही.

ट्रिमरला पंख्याचा रेग्युलेटर जोडून स्पीड कमी करता येईल का? नाही. तो त्या लोडसाठी बनवलेला नसतो.

राउटर कोणत्या दिशेने फिरवायचा? माझे कोपऱ्यावर टवके का उडतात?

अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालतो ती दिशा आठवा. फळीच्या बाहेरच्या कडेने राउटर त्याच्या उलट न्यायचा. चौकटीच्या आतल्या कडेने नेताना प्रदक्षिणेप्रमाणे. कड तुमच्या पोटाजवळ असेल तर राउटर डावीकडून उजवीकडे. राउटर टेबलावर बिट उलटं असतं, म्हणून तिथं फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची. उलट दिशेने गेलात तर बिट फळीला धरून पळतं आणि राउटर हातातून ओढून नेतं. एकदा अनुभव आला की दिशा आयुष्यभर लक्षात राहते, पण तो अनुभव घेऊ नका.

टवक्यांचं कारण बहुतेक वेळा क्रम. चौकोनी पाट समोर घ्या. त्याच्या दोन कडा रेष्यांच्या बाजूने आहेत आणि दोन आडव्या कापलेल्या. आधी आडव्या कडा मारा. प्रत्येक आडव्या कडेच्या शेवटी बिट बाहेर पडताना कोपऱ्याचे रेषे फाडतं, तिथं बारीक टवका उडतो. उडू दे. नंतर लांब कड मारताना तोच कोपरा कापला जातो आणि लहान टवका त्यात निघून जातो. उलट क्रमाने केलंत तर टवका शेवटी उडतो आणि तसाच राहतो. फक्त आडव्या कडेलाच चॅम्फर हवा असेल तर शेवटाला त्याच जाडीचा लाकडाचा तुकडा क्लॅम्पने घट्ट लावा, टवका त्या तुकड्याला बसेल.

एका दमात सगळी खोली घेऊ नका. ट्रिमरवर ३ मिमीपर्यंत एक फेरी, मग खाली करून दुसरी. शेवटची फेरी अर्ध्या मिमीची ठेवली की पॉलिशपेपरचं निम्मं काम वाचतं.

चॅम्फर काळा पडतो, जळका वास येतो.

तुम्ही हळू चालताय, किंवा कोपऱ्यावर थांबताय, किंवा बिट बोथट झालंय. भुशाकडे बघा. सुरेख बारीक छिलके निघत असतील तर धार आहे, पिठासारखी भुकटी निघत असेल तर नाही. कधी कधी धार शाबूत असते आणि पात्यावर राळेचा थर चढलेला असतो. रॉकेल किंवा थिनर जुन्या टूथब्रशला लावून घासा. त्याआधी बेअरिंग काढून ठेवा. त्याच्या आतलं ग्रीस धुतलं गेलं की ते अडकतं, आणि अडकलेलं बेअरिंग कडेवर काळी रेघ जाळत जातं.

चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात चॅम्फर गोल येतो. बिट खराब आहे का?

नाही. बेअरिंग गोल आहे, ते कोपऱ्यात शिरणार कसं? तेवढा भाग धारदार पटाशीने हाताने काढायचा. किंवा चौकट जोडण्याआधी पट्ट्यांना चॅम्फर मारायचा, पण मग जोडाची आखणी तशी करावी लागते.

पंधरा-वीस बिटांची पेटी स्वस्त मिळते. घेऊ का?

शिकायला घ्या, कामाला नको. त्यातलं चॅम्फर बिट वापरलं जातं आणि बाकीची पेटीतच बसून राहतात, असा माझा अनुभव आहे. तेवढ्या पैशात एक चांगलं ४५ चं बिट घेतलेलं परवडतं. दुकानात बिट हातात घेऊन बघा: कार्बाइडची चिप जाड आहे का, चिप आणि बॉडी यांच्या जोडात भोकं दिसतात का, दोन्ही पात्यांची धार नखावर अडते का, बेअरिंग डगमगतं का. पाकीट फोडू न देणारा दुकानदार असेल तर पुढचं दुकान.

धार लावून मिळते का?

उद्यमनगरात टूल ग्राइंडिंगवाले आहेत, पण तिरकी बाजू घासू देऊ नका. कोन बदलतो, आणि एक पातं दुसऱ्यापेक्षा लहान झालं की एकटं मोठंच कापत राहतं. घरी करायचं तर बेअरिंग काढा आणि पात्याची आतली सपाट बाजू बारीक डायमंड प्लेटवर पाणी टाकून घासा. दोन्ही पात्यांना मोजून तेवढेच हात. चिपचा टवका उडाला असेल तर धार विसरा, बिट भंगारात.

पावसाळ्यात काही वेगळं?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर दांडे आणि बेअरिंग गंजतात. गंजलेला दांडा कॉलेटमध्ये नीट बसत नाही. काम झालं की बिट काढून ठेवा, दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. वापरण्याआधी तेल पुसा, नाहीतर दांडा सटकेल. ओलसर लाकडावर चॅम्फर मारला तर रेषे उभे राहतात. चार दिवस घरात सुकू द्या.

फ्लॅटच्या गॅलरीत काम करतो. काय जपू?

गॉगल आणि कानाला प्लग. हातमोजे नकोत. गळ्यात टॉवेल नको, आणि तो तर इथं प्रत्येकाच्या गळ्यात असतो. बिट बदलताना पिन सॉकेटमधून बाहेर, नुसतं बटन बंद करून भागत नाही. लहान तुकडा हातात धरून मारू नका, क्लॅम्प करा. आणि दुपारी दोन ते चार शेजाऱ्यांना झोपू द्या.

बिट कॉलेटमध्ये अडकलंय, निघत नाही.

हातोडी खाली ठेवा. नट एकदा सैल केला की तो काही फेरे मोकळा फिरतो आणि मग पुन्हा घट्ट लागतो. तिथंच बहुतेकजण थांबतात. पाना पुन्हा लावून आणखी थोडा फिरवा, बऱ्याच मशीनमध्ये नट कॉलेटला ओढून बाहेर काढतो आणि बिट सुटतं. तरीही नाही निघालं तर पान्याने नटावर बाजूने हलकी टिचकी मारा. निघाल्यावर कॉलेट आतून पुसा, आणि बिट नसताना नट कधी आवळून ठेवू नका.